बियांना न्हाऊ घालणारी रेजिनबाय

जवळ ये गो बाय, जवळ बस. लांबून काय विचारतेस? परवा फोन केलास, वांग्याची रोपं सगळी आडवी पडली म्हणून रडगाणं गायलंस, आणि मी तोंड उघडेपर्यंत तुझ्या दारावरची बेल वाजली नि तू फोन ठेवलास पण. सिल्व्हर पार्कात चौथ्या मजल्यावर कुंड्या मांडल्यास, दुकानातून पाकिटातलं बी आणलंस, सगळं खरं. पण विचारायचं तर बसून विचारावं. ते बी गुलाबी होतं का साधं, हे तरी बघितलंस का? गुलाबी असलं तर त्याला औषध चोळलेलं असतं. साधं असलं तर पेरायच्या आधी धुऊन घ्यावं लागतं. ही गोष्ट उभ्या उभ्या सांगता येत नाही. आणि मला तर ती नुसती सांगताच येत नाही, बीमागून रेजिनबाय येतेच. म्हणून हे पत्र लिहायला बसले. माझं लिहिणं कसं ते तुला ठाऊक आहे. शाळा नाही, तुझ्या बापाच्या शाळेच्या पुस्तकांतून अक्षरं वेचली. समजून घे.

रेजिनबाय तुला ठाऊक नाही. तुझ्या बापालाही नाही. मी पालीहून लग्न होऊन भाईंदरकडच्या डोंगरीला गेले ते दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी, सतराची असेन. पाली म्हणजे दर्या. आमच्या घरात जाळी, मीठ, वाळत घातलेली मासळी. डोंगरी तिथून फार लांब नाही, पण तिथे शेतं, विहिरी, वाड्या. भात कापलं की त्याच जमिनीत वांगी आणि मिरची लावायची. मला वांगं माहीत होतं ते सुक्या बोंबलात घालतात तेवढंच.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूने माझ्या हातात वांग्याचं बी दिलं, वाफा दाखवला आणि सांगितलं की हे रेजिनकडे द्यायचं आहे, तोवर सांभाळ. मला वाटलं, रेजिन कोण देव जाणे, आपण पेरून मोकळं व्हावं, सासू खूश होईल. वाफ्यापाशी बसले तर कुंपणापलीकडून आवाज आला.

"ए पालीवाले, मासळी धुतेस का न्हाय?"

मी म्हटलं, धुते.

"मग बियाने काय पाप केलंय?"

आणि ती कुंपणातल्या फटीतून आत आली. उंच, हाडापेराने मोठी, दात थोडे पुढे, हिरव्या चौकडीचं लुगडं. लहान पोराच्या हातातली सुरी काढून घ्यावी तसं माझ्या मुठीतलं बी तिने काढून घेतलं. मी तिच्या डाव्या कोपराकडे बघत राहिले. कातडी लालसर आणि गुळगुळीत, पायऱ्या चढून झिजलेल्या दगडासारखी. तिने माझी नजर ओळखली. म्हणाली, बघून घे, हेच माझं शिक्षण.

त्या कोपराचं सांगते. तेव्हा वांग्याला एक रोग यायचा. रोप बोटभर झालं की जमिनीलगत काळं पडायचं आणि मान टाकायचं, तुझी पडली तशीच. जे जगलं त्याच्या वांग्यांवर पुढे खोलगट तपकिरी डाग, आणि आतून कुजकं. लोक म्हणायचे, वांग्याला देवी आल्या. रेजिनबाय म्हणायची, देवी बाहेरून येत नाहीत, बियाच्या पोटातूनच येतात, आईच्या अंगात असतं ते पोरात उतरतं. तिला हे तिच्या सासूने सांगितलेलं. सासूला कोणी सांगितलं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि तिने कधी विचारलंही नव्हतं.

बी धरायचं काम सगळ्याच बाया करायच्या. चांगलं वांगं झाडावरच पिवळं होऊ द्यायचं, फोडून गर पाण्यात कुस्करायचा, तरंगेल ते फेकायचं, बुडेल ते राखेत घोळून सावलीत वाळवायचं. पण पेरायच्या आधीची आंघोळ रेजिनबायकडे. भात घरात आलं की सगळ्या गावच्या पुरचुंड्या तिच्या ओट्यावर यायच्या. प्रत्येक घराची खूण वेगळी. कोणाचा लाल दोरा, कोणाचं बटण. आमच्या पुरचुंडीला मी शिंपला बांधला तर सगळ्या हसल्या, आली बघा पाली म्हणून.

तांब्याचं मोठं तपेलं तीन दगडांवर. पाणी तापलं की निखारे बाजूला ओढायचे आणि डावं कोपर पाण्यात बुडवायचं. "ओरडावंसं वाटलं पाहिजे, पण ओरडता कामा नये," ही तिची पारख. जास्त कढत लागलं तर करवंटीभर विहिरीचं पाणी. निवलं तर शेजारच्या हंडीतलं उकळतं. मग पुरचुंड्या आत सोडायच्या. आणि किती वेळ? तर एक माळ. आपली जपमाळ गो, पाचही रहस्यं, दहा दहा मण्यांचं एकेक, धावत नाही की रेंगाळत नाही. माळ संपली की पुरचुंड्या उचलायच्या, थंड पाण्यात बुचकळायच्या, सुपात पसरून वरून राख भुरभुरायची. कमी वेळ ठेवलं तर रोग मरत नाही. जास्त ठेवलं तर बीच मरतं. मधली जागा एवढीशी, आणि ती जागा रेजिनबायच्या जिभेला सापडलेली होती.

ती माळ एकटीच म्हणायची, मागच्या पडवीत, दार लावून. दोघींनी म्हटली की एक पळते आणि दुसरी अडखळते, मग बियाने कोणाचं ऐकायचं, असं तिचं म्हणणं. आम्ही सगळे अंगणात काळा चहा पीत बसायचो. आतून तिचा आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत, रहाट फिरत असल्यासारखा तो एकच सूर.

तिचे नियम दोन. पहिला नियम, गावातलं एकही घर सुटता कामा नये. एकाचं न धुतलेलं बी शेतात गेलं तर सगळ्यांच्या वांग्यांना देवी येणार. म्हणून ती दारोदार फिरायची आणि विचारायची, मागे काही ठेवलं न्हाय ना, चिमूटभर पण न्हाय? लोक बियाची मडकी उपडी करून दाखवायचे. आमच्या सासूने एकदा रागाने मडकं तिच्या डोक्यावरच उपडं धरलं. थोडी राख पडली केसांत. रेजिनबायने झटकली आणि म्हणाली, ठीक हाय, खरं बोललीस.

दुसरा नियम मेलेल्यांचा. नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडे मेलेल्या माणसांचा महिना. कबरींवर मेणबत्त्या लागतात, आणि घरोघरी माळ लांबते. आजा, आजी, लहानपणी गेलेलं पोर, एकेकाचं नाव घेऊन चिरशांतीची प्रार्थना म्हणायची, मग पुढचं रहस्य. बियांच्या आंघोळीचे दिवस नेमके तेच. रेजिनबायचा नवरा तापात गेलेला, लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हाच. पण बी पाण्यात असताना ती त्याचं नाव घ्यायची नाही. आधी बी बाहेर, मग तो. "बियांना घाई हाय गो," म्हणायची, "मेलेल्यांना न्हाय."

हे सगळं वाचून तुला वाटेल ती कडक होती. कडक होतीच. पण तिच्यासोबत गंमतही यायची. पास्कूकाका म्हणून तिचा चुलत दीर होता, जन्माचा खोडकर. त्याला वाटायचं रेजिनचं पाणी म्हणजे सगळ्यावर उपाय. भोपळ्याच्या बियांना ती कढत पाणी लावायची नाही, त्या लाडाच्या आहेत, त्यांना सोसत नाही म्हणायची. तर याने एका वर्षी वांग्याच्या पुरचुंडीत भोपळ्याच्या बिया लपवून दिल्या. वांगी उगवली, भोपळ्याचा पत्ता नाही. महिनाभराने चर्चच्या दारात तिला गाठून सगळ्यांसमोर म्हणतो कसा, रेजिन, तुझ्या पाण्याने माझं घराणं बुडवलं. तिने शांतपणे विचारलं, कुठलं घराणं, भोपळ्याचं का तुझं? आणि पुढे म्हणाली, वेगळं काढून सांग, मला दिसायला सारखंच दिसतं. पास्कूकाकाचं डोकं खरंच तसं होतं गो, गोल आणि वर निमुळतं. फादरसुद्धा तोंड फिरवून हसले.

आणि आंतोन. तिचा एकुलता एक. बोटीवर कामाला होता, मोठ्या आगबोटीवर, आईसारखाच उंच आणि दात पुढे. वर्षा दोन वर्षांनी यायचा तेव्हा डोंगरीत सण असल्यासारखं व्हायचं. एकदा बियांच्या दिवसांतच घरी आला आणि आईसाठी गजराचं घड्याळ घेऊन आला. म्हणाला, आई, आता कोपर आणि माळ पुरे, घड्याळावर बघत जा. तिने नको नको म्हटलं. पण पोराने एवढ्या लांबून आणलेलं, म्हणून पडवीत ठेवू दिलं. आम्ही अंगणात. आतून माळ चालली होती, तिसरं रहस्य आलं असेल, तेवढ्यात ते घड्याळ असं खणखणलं की कोंबड्या कुंपणावरून उडाल्या. पास्कूकाका डुलकी घेत होता, तो उठून चर्चच्या दिशेने चालू लागला. आंतोन हसता हसता भुईवर बसला. त्याचं हसणं वेगळंच होतं, आधी आवाज न करता हलायचा आणि मग एकदम फुटायचा. आत रेजिनबाय थांबली नाही. तिचा सूर त्या खणखणाटातूनही तसाच चालू. माळ संपली, बी काढलं, मग बाहेर आली आणि घड्याळ आंतोनच्या मांडीवर ठेवलं. देवाशी बोलताना मध्ये तोंड घालणारा माणूस घरात नको, म्हणाली. त्या वर्षी तो जाईपर्यंत दोघं त्यावरून एकमेकांना चिडवत होती.

तीच त्याची शेवटची खेप.

लढाई लागलेली होती. आंतोनची बोट कुठे जाते ते घरी कळत नसे. मग एका उन्हाळ्यात बंदरावरच्या कचेरीतून एक माणूस फादरकडे आला, आणि फादर त्याला घेऊन रेजिनबायच्या घरी आले. बोट बुडाली असावी, काही माणसं दुसऱ्या बोटींनी उचलली, त्यांत आंतोनचं नाव नाही. सासू आणि मी कुंपणापाशी उभ्या. रेजिनबाय ओट्यावर मिरच्या निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि त्या माणसाला विचारलं, तू बघितलंस? तो म्हणाला, मी कसा बघणार, मी कचेरीत असतो. ती म्हणाली, मग चहा पिऊन जा.

फादरनी काही दिवसांनी हळूच विषय काढला, आंतोनच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा सांगू या, गेलेल्या माणसासाठी सांगतात तशी. तिने नाही म्हटलं. रडली नाही, भांडली नाही. हिरवं चौकडीचं लुगडं सोडलं नाही. कोणी काळं नेसायचं सुचवलं तर म्हणायची, पोर दर्यावर हाय आणि आईने काळं नेसायचं?

आणि एका संध्याकाळी मला बोलावून घेतलं. पुढे बसवलं आणि म्हणाली, "तू पालीची. तू सांग. दर्यावरचा माणूस उशिरा येतो का न्हाय?"

मी म्हटलं, येतो. ते खोटंही नव्हतं. माझ्या बापाची होडी एकदा वादळात गेली होती. आईने चूल पेटवली नव्हती, शेजारणी येऊन बसल्या होत्या. आणि बाप परतला. वारा होडीला खाली दक्षिणेकडे रेटत घेऊन गेला होता, तिथे कुठल्या तरी गावात राहून, होडी दुरुस्त करून आला. मी हे सांगितलं. ती एकेक शब्द पीत होती. किती उशिरा? दाढी वाढली होती का? दारात येऊन पहिलं काय म्हणाला? मी म्हटलं, पेज मागितली. त्यावर ती हसली. म्हणाली, आंतोन पण पेजच मागेल.

त्यानंतर ती गोष्ट मला किती वेळा सांगायला लावली असेल. विहिरीवर, शेताच्या बांधावर, चर्चमधून येताना. मी सांगताना एखादी बारीक गोष्ट गाळली तर ती भरून काढायची. आणि दाढी? ती राहिली की गो. सासू मला घरी ओरडायची, कशाला तिला आशा लावतेस. मी म्हणायचे, आई, मी लावत नाही, ती विचारते. खरं तर त्या गोष्टीत माझा बाप परतला तो त्याच पावसाळ्यात. आंतोनचे दोन पावसाळे होऊन गेले होते. हे तिला कळत नव्हतं असं नाही. तिने फक्त ते कधी विचारलं नाही.

बियांची आंघोळ मात्र चुकली नाही. त्या दोन्ही वर्षी पुरचुंड्या आल्या, तपेलं चढलं, आतून तोच रहाटाचा सूर आला. रोपं अशी उगवली की वाफ्यात बोट घालायला जागा नाही. मला वाटतं त्या एका माळेपुरतं तिचं मन जागेवर असायचं.

तिसऱ्या वर्षी भात कापून झालं. कबरींवर मेणबत्त्या लागल्या. तिने नवऱ्याच्या कबरीवर लावली आणि सरळ घरी गेली. दुसऱ्या दिवशी पुरचुंड्या. आम्ही नेहमीसारखे अंगणात. चहा झाला, कप निवाले. पास्कूकाका म्हणाला, आज रेजिनने पाणी थंडच घेतलेलं दिसतंय, माळ संपेना. आतून सूर येत होता, पण खाली, जड. कोणी उठलं नाही. त्या दाराआड तिच्या कामात कोणी कधी गेलंच नव्हतं. शेवटी ती बाहेर आली, सूप हातात, आणि राख भुरभुरायला बसली. पदर ओला होता. आम्हाला वाटलं, वाफेने.

बी पेरलं. पहिले चार दिवस कोणी बघत नाही. मग लोक सकाळी उठून आधी वाफ्यापाशी जायला लागले. मिरची वर आली. मुळा वर आला. वांग्याची माती गुळगुळीत, तशीच. आमच्या वाफ्यात नाही, पास्कूकाकाच्या नाही, कोणाच्याच नाही. सासू म्हणाली, थंडीने उशीर होत असेल. पण थंडी कुठे होती?

एका सकाळी रेजिनबाय स्वतःच्या वाफ्यात गुडघे टेकून बसलेली दिसली. नखाने माती उकरली, एक बी काढलं, दोन बोटांत धरून दाबलं. काळपट पाणी निघालं. दुसरं काढलं. तिसरं काढलं. मग हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली.

तिने स्वतःच सगळ्यांना बोलावलं. त्याच अंगणात. माणसं आली, कोणाला काही कळत नव्हतं. ती उभी राहिली. मी तिला असं बोलताना कधी पाहिलं नव्हतं, जमिनीकडे बघत.

"बी मी मारलं," म्हणाली. "तिसऱ्या रहस्याला आले की मला दरसाल आंतोनचं हसणं ऐकू यायचं, त्या घड्याळाच्या दिवसाचं. या खेपेला आलं न्हाय. मी थांबले. परत मागे गेले, परत म्हटलं. आवाजच आठवेना गो. आईला पोराचा आवाज आठवत न्हाय म्हणजे काय? तेव्हा मी त्याच्यासाठी म्हटली. चिरशांतीची. एकदा म्हटली आणि मग थांबता येईना."

निखारे ओढायचे राहिले होते. पुरचुंड्या पाण्यात, पाणी तापत चाललेलं, आणि ती तिथे बसून एकाच नावाने तीच प्रार्थना म्हणत राहिली. किती वेळ, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

 गावाचं सगळं वांग्याचं बी त्या तपेल्यात होतं, चिमूटसुद्धा मागे ठेवलेली नव्हती. जुनी झाडं पावसाआधीच उपटून टाकलेली. आमचं ते डोंगरीचं वांगं, लहान, जांभळं, देठाला काटे, बोंबलात घातलं की लोण्यासारखं व्हायचं, ते त्या दिवशी संपलं. पुढे मी पुष्कळ बाजार फिरले. तसं वांगं पुन्हा दिसलं नाही. पास्कूकाका, ज्याची जीभ कधी स्वस्थ बसायची नाही, तो टोपी काढून हातात फिरवत राहिला.

शेवटी आमची सासू बोलली. तिचा आवाज मुळातच करडा.

"वांगं गेलं ते गेलं, रेजिन. आंतोनची मिस्सा कधी सांगतेस?"

मला वाटलं, आता हे कशाला. पण रेजिनबायने मान वर केली आणि सासूकडे बघितलं. दोघी एका वयाच्या, एकाच वर्षी डोंगरीत लग्न होऊन आलेल्या.

"आधी बी आणू दे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती निघाली. चेण्याला. घोडबंदरच्या बाजूला, तिकडे वांगी चांगली होतात आणि तिची कोणी लांबची ओळख होती. पास्कूकाकाने न विचारता बैल जुंपले. ती गाडीत बसायला तयार नव्हती. पास्कूकाका म्हणाला, रेजिन, बस, माझ्या बैलांना उगाच लाज वाटेल. ती बसली. संध्याकाळी परत आली तेव्हा मांडीवर मडकं, दोन्ही हातांनी धरलेलं. चेण्याच्या त्या बाईने आपल्या घरचं बी दिलं होतं. कसं मागितलंस, मी विचारलं. म्हणाली, खरं सांगितलं.

आणि ते मडकं घेऊन ती स्वतःच्या घरी गेली नाही. आमच्या चुलीपाशी आली. तपेलंही आणून ठेवलं.

"माळ तू म्हण," म्हणाली. "माझी आता मापात राहत न्हाय."

मी घाबरले. सासूकडे बघितलं तर ती उठून बाहेर गेली आणि जाताना दार ओढून घेतलं. चुलीपाशी आम्ही दोघी. तिने कोपर बुडवलं, चेहरा आक्रसला, मान हलवली, निखारे ओढले, पुरचुंड्या सोडल्या. मी म्हणायला लागले. भीतीने जीभ पळत होती. तिने माझ्या गुडघ्यावर बोट ठेवलं आणि हळू हळू टकटक करत राहिली, जसं रडक्या पोराला थोपटतात. मी त्या बोटाच्या चालीने म्हणत गेले. नमो मारिया, नमो मारिया. तिसऱ्या रहस्याला तिचं बोट थांबलं. मी थांबले नाही. तिच्याकडे बघितलंही नाही, बघितलं असतं तर मला पुढचे शब्द सुचले नसते. थोड्या वेळाने बोट पुन्हा चालू झालं.

माळ संपली. तिने पुरचुंड्या काढल्या, थंड पाण्यात बुचकळल्या, सुपात पसरल्या, राख टाकली, हात पुसले. मग भिंतीला टेकून बसली आणि नवऱ्यासाठी प्रार्थना म्हटली. आणि त्याच्यानंतर, त्याच सुरात, आंतोनसाठी. बी सुपात वाळत होतं, कोणाला कसली घाई नव्हती.

ते बी उगवलं. चेण्याचं वांगं, लांबट, हिरव्या रेघांचं. चांगलं होतं गो, त्याला नाव ठेवायचं नाही. पण आमच्या घरी ते कोणी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही.

नाताळच्या आधी आंतोनची मिस्सा झाली. शवपेटी नाही, कबर नाही. वेदीसमोर रिकाम्या जागी एक मेणबत्ती. रेजिनबाय काळं लुगडं नेसून आली. त्याच्या घड्या इतक्या कडक होत्या की कळत होतं, ते कधीपासून पेटीत होतं. मिस्सा संपल्यावर लोक तिला भेटायला ओळीने उभे राहिले. ती प्रत्येकाचा हात धरून, तुमची रोपं कशी हायत, एवढंच विचारत होती.

नाताळ झाला आणि तुझ्या आजोबांना भाईंदरला मिठागरावर काम लागलं. आमचं बिऱ्हाड हललं. सामान पास्कूकाकाच्याच गाडीत. मी सकाळी तिच्या घरी निरोप घ्यायला गेले तर घर बंद. मनात म्हटलं, तिला जमलं नसेल, नको त्रास. गाडी गावाबाहेर पडली तेव्हा ती शेतात दिसली. काळं लुगडं गुडघ्यांपर्यंत खोचलेलं, रोपं लावत होती. एक रोप, ओंजळभर पाणी, पायाने माती दाबली, पुढचं रोप. ओठ हलत होते. पास्कूकाकाने गाडी थांबवली.

ती सरळ झाली. बांधापर्यंत आली नाही, तिथूनच बघितलं. हात चिखलाचे म्हणून मनगटाने केस मागे केले.

"पालीला जाशील ना मधून मधून?"

मी म्हटलं, जाईन.

"मग दर्याला सांग गो. मी आता वाट बघत न्हाय."

आणि वाकून पुढचं रोप घेतलं. गाडी हलली. वळणापर्यंत मी मागे बघत होते, ती पुन्हा सरळ झाली नाही. तेच तिचं मला झालेलं शेवटचं दर्शन. ती गेली तेव्हा मी बाळंतिणीच्या खोलीत होते, तुझा बाप माझ्या कुशीत, मला डोंगरीला जायला मिळालं नाही.

पालीला मी गेले होते, त्याच उन्हाळ्यात. भरती होती. बापाच्या होडीला टेकून उभी राहिले आणि तिने सांगितलं ते सांगितलं, मोठ्याने. लाटांत ते मलाच ऐकू आलं नाही. मग वाटलं, पोहोचलं नसेल, आणि परत सांगितलं.

तर अशी रेजिनबाय. तुझ्या कुंडीत आता दुसरं बी घालायचं असेल तर एकटी घालू नकोस. कोपर कधी आणि किती बुडवायचं, ते कागदावर येत नाही, ते मी तुझा हात धरून दाखवेन. मी रेजिनबायसारखी नाही गो, मी अजून वाट बघते, रोज दुपारी खिडकीत बसून बघते. या रविवारी ये. बी घेऊन ये, नाही मिळालं तर तशीच ये, पण लवकर ये.